हॉर्न दिला म्हणून

कडा कोसळला आणि दोन मजूर त्याखाली गाडले गेले. नेमका त्याच वेळी वळणावर बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला होता, त्यामुळे डोंगर कोणी पाडला हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. डेपोत त्याला ‘सुरुंग’ म्हणू लागले. चौकशी समितीचंही मत तेच होतं. फक्त त्यांना ते टाइप करून हवं होतं.

भूगर्भतज्ज्ञ बाईंनी मात्र फोटो दाखवले. माथ्यावरच्या भेगेत वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं, थंडीत गोठून भेग रुंद करत होतं. यंदा बर्फ एकदम वितळलं, आत पाणी तुंबलं आणि त्या दाबाने कडा सुटला.

“हॉर्नने डोंगर पडत नसतो,” बाई म्हणाल्या. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.”

“म्हणजे कावळा निर्दोष!” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.

मागच्या बाकावरचा ड्रायव्हर उभा राहिला.

“बाई, ते दोघं रस्त्याच्या मधोमध चालले होते, म्हणून मी हॉर्न दिला,” तो म्हणाला. “बिचारे लगेच बाजूला झाले. कड्याच्या बाजूला.”

बाईंकडे अजून बरेच फोटो होते. त्यांनी एकही लावला नाही.