हातगुण

कोटाचं वरचं बटण... आजोबा ते डाव्या हाताने काढत होते, आणि इतक्या सफाईने, की उजवा हात मांडीवर नुसता पडून होता – परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, अवघडून.

ती कोनमापक घेऊन उभी होती. आज शेवटची मोजणी. पाच आठवड्यांपूर्वी ती फिजिओथेरपी शिकायला या परदेशी रुग्णालयात आली, तेव्हा हे निवृत्त शिंपी तिचे पहिले पेशंट. उजवा खांदा आखडलेला. विभागाच्या मोठ्या बाईंनी स्वतः मोजून लिहिलं होतं : हात वर जातो ऐंशी अंश. पुढच्या आठवड्यात तिने मोजलं, तर एकशे सत्तर! पुस्तकात असं होत नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्यांना हातगुण थोडाच असतो... तिने लगेच आईला फोन केला, आईने आत्याला, आणि आता परवा मायदेशी उतरताच विमानतळावर आत्या दोन्ही गुडघे घेऊन हजर असणार...

पण मग हा उजवा हात असा का पडलाय?

आमच्या कॉलेजात भिंतभर आरसा – पेशंटच्या शेजारी उभं राहायचं, दोघांनी आरशात बघायचं, मी उजवा उचलला की त्याचाही उजवा. इथे आरसा नाही. म्हणून मी समोर उभी राहिले, माझा उजवा उचलला, आणि माझ्या समोरचा जो हात वर गेला तो मोजला, रोज मोजला... अगं बाई. तो डावा.

"आजोबा," तिचा आवाज खाली आला, "दुखतो तो हात कुठला?"

"हा की." त्यांनी हनुवटीने उजवा दाखवला.

"मग व्यायाम त्या हाताने का केलात?"

"तू समोर करायचीस तसं मी करायचो. सांगणार होतो एकदा. पण आकडा बघून तू अशी टाळी पिटलीस... म्हटलं, तुमच्याकडची नवी पद्धत असेल. चांगल्याकडे बघून वाईट सुधारत असेल."

"सुधारला?"

"छे! पण डावा असा तयार झालाय, की घरची म्हातारी म्हणते, जाळी-जळमटं आता तूच काढ."

तिला हसू फुटणार, तेवढ्यात मोठ्या बाई कागद घेऊन आल्या. "काय आजोबा, आज सुटका! फाइल बंद करते. आणि हिच्या शेऱ्यात 'उत्कृष्ट'."

फाइल बंद म्हणजे पुन्हा नंबर लागायला सहा महिने... आजोबांनी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला, पुटपुटले, "गप्प राहा पोरी. तुझं प्रमाणपत्र आधी. माझा खांदा कुठे पळून जातोय?"

खरंच, कुठे पळून जातोय... तिथेच राहील, ऐंशी अंशांवर, आणि मी 'उत्कृष्ट' घेऊन घरी. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"बाई, तो आकडा..."

पेन थांबलं. तिने कोनमापक आजोबांच्या उजव्या खांद्याला लावला. शेरा, आई, आत्याचे गुडघे, सगळं डोळ्यांपुढून गेलं – पण त्या सगळ्याच्या मागून हसूही चढत होतं, आवरत नव्हतं... आणि आपल्याला अजून काहीच येत नाही, हा विचार आज पहिल्यांदाच – कसं सांगू – ऐसपैस वाटत होता, आत शिरून हातपाय पसरावेत असा...