आरशात दिसशील तिथं उभा राहा

आमच्या कॅम्पिंगच्या तळावर दुपार कलली की करमणूक सुरू होते. तिकीट नाही, फक्त खुर्ची आपापली आणायची. एकशे एक नंबरच्या हायवेवरून एकेक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, समुद्राच्या बाजूला उतरते आणि मग ते अख्खं घर मागे घेत घेत आपल्या जागेत बसवायचं असतं. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय.

"डावीकडे घे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या!"

"तू वळलीस की तुझी डावी बदलते, बाई!"

असं सगळं चालतं. चांगली तीस-तीस वर्षं संसार केलेली माणसं इथे पाच मिनिटांत एकमेकांचे आईबाप काढतात आणि गाडी लागली की गळ्यात हात घालून समुद्र बघायला बसतात. मी बर्नी, इथली कॅम्प होस्ट. राहायची जागा फुकट, बदल्यात संडास धुवायचे, लाकडाच्या मोळ्या विकायच्या आणि रात्री गाणी लावणाऱ्यांना दटावायचं. शेवटचं काम मला फार आवडतं.

आमच्यात दोन नियम आहेत. कुठल्या पाटीवर लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. पहिला, कुणी गाडी लावत असेल तर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरा, मागे उभं राहणाऱ्यानं आरशात दिसत राहायचं. माणूस आरशातून गेला की ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा आणि तो पुन्हा दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. पहिला नियम मोडला तर मी शिव्या घालते. दुसरा मोडला तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते.

वेंडेल आणि आयोला स्ट्राउड दर सप्टेंबरच्या अखेरीला यायचे आणि सतरा नंबरलाच उतरायचे. सतरा नंबर ही आमच्याकडची सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात नतद्रष्ट जागा. एका बाजूला वाऱ्यानं वाकलेलं स्प्रूसचं झाड, दुसऱ्या बाजूला गाडीच्या दारापर्यंत येणारा खडक, मागे लाटांनी आणून टाकलेला एक ओंडका आणि त्याच्यामागे लगेच समुद्र. पण गाडी नीट आत गेली की मागच्या पलंगावर पडल्या पडल्या खिडकीत नुसतं पाणी दिसतं. त्या खिडकीसाठी वेंडेल दरवर्षी घाम गाळायचा आणि आयोला मागे उभी राहून विमानतळावर विमानांना खुणा करणाऱ्या माणसासारखी दोन्ही हात हलवत ओरडायची. त्यांचा खेळ बघायला तर पलीकडच्या तळावरूनही माणसं यायची. गाडी लागली की वेंडेल खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचा, "आहेस ना जिवंत?" आणि आयोला म्हणायची, "तुझ्या कृपेनं नव्हे!" मग टाळ्या.

या वर्षी ते येणार नाहीत, असंच मी धरून चालले होते. हिवाळ्यात वेंडेलला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आयोलानं फोनवर सांगितलं, "एकच शब्द राहिलाय गं त्याच्याकडे. 'बरंय.' सूप आणलं, बरंय. डॉक्टर आले, बरंय. परवा मी जिन्यावरून घसरले, तरी बरंय." एवढं सांगून ती हसली.

पण ते आले. आधी एक छोटी निळी गाडी उतरली आणि तिच्यातून त्यांची मुलगी कोरिन बाहेर आली. चाळिशीची, नीटनेटकी, चेहऱ्यावर झोप न झाल्याच्या खुणा. ती सरळ माझ्याकडेच आली.

"तुम्ही बर्नी ना? एक विनंती आहे. आईला मदत करू नका."

"ही विनंती मला पहिल्यांदाच कुणी केली," मी म्हटलं. "एरवी मदत करत नाही म्हणून तक्रारी येतात."

ती हसली नाही. "आमचं ठरलंय. गाडीला गिऱ्हाईक आलंय. आई ऐकायला तयार नाही. उन्हाळाभर चर्चच्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडून गाडी चालवायला शिकली. या वयात! मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही दोघं, दुसऱ्या कुणाच्याही मदतीशिवाय, ती सतरा नंबरला लावून दाखवा. जमलं तर ठेवा. नाही जमलं तर परत गेल्यावर मी गिऱ्हाइकाला हो म्हणणार."

"आणि मागे कोण उभं राहणार?"

"बाबा," ती म्हणाली आणि समुद्राकडे बघायला लागली.

मला तिचा राग आला. मग ती सारखी हायवेकडे वळून बघताना दिसली आणि राग निम्मा झाला. रस्त्यात काही झालं तर फोन हिलाच येणार होता. हिवाळ्यातला तो फोनही हिलाच आला होता.

तेवढ्यात गाडी दिसली. आयोला स्टिअरिंगला अशी चिकटून बसली होती की नाक काचेला लागायचंच बाकी होतं. ती सतरा नंबरच्या पुढे गेली, बेताबेतानं गाडी तिरकी केली, थांबवली. इथपर्यंत झकास. खुर्च्या मांडून बसलेली सगळी मंडळी पुढे सरकून बसली. माझ्या शेजारी ऑगी होता. आयडाहोचा हा म्हातारा गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला सूचना देतो, म्हणून मी त्याला मुद्दाम जवळ बसवलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

आणि मग काय व्हावं! आयोलानं ब्रेक ओढला, दार उघडलं, उतरली आणि तरातरा चालत गाडीच्या मागे ओंडक्याजवळ जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर. तिकडे वेंडेल आपल्या बाजूनं उतरला. डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत, गाडीला पुढून वळसा घालून तो ड्रायव्हरच्या दारापाशी पोचला आणि त्यानं दाराला हात लावला.

दोघंही आपापल्या जागी उभे. इतक्या वर्षांच्या सवयीनं. इंजिन चालू आणि आत कुणीच नाही.

कुणी हसलं नाही. आयोलाचे हात हळूहळू खाली आले. तिनं गाडीकडे बघितलं, रिकाम्या सीटकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कोरिन माझ्या बाजूला हळूच म्हणाली, "बघा. हेच मी म्हणत होते. आता पुरे झालं." आणि ती पुढे निघाली.

पण वेंडेलनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं आत वाकून स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतो. मग दार पूर्ण उघडलं, काठी टेकून दाराला पाठ लावून उभा राहिला आणि आयोलाकडे बघत मान हलवली. ये म्हणून. ती आली. त्यानं तिला चढेपर्यंत दार धरलं.

"आरशात दिसशील तिथं उभा राहा," ती वरून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ऐकतोयस ना, वेंडेल? मला तू दिसला पाहिजेस."

"बरंय," वेंडेल म्हणाला आणि मागे चालायला लागला.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस खुणा करणार कशानं? उजवा हात लटकलेला, डाव्या हातात काठी. काठी उचलली तर पडेल. मागचा कॅमेरा खाऱ्या हवेनं कधीच आंधळा करून टाकलेला. ऑगी माझ्या कानाशी कुजबुजला, "अगं, हे कसं जमणार?" मी म्हटलं, "तू गप्प बसलास तर जमेल."

वेंडेलनं खुणा केल्याच नाहीत. तो स्प्रूसच्या अलीकडे जाऊन नुसता उभा राहिला. आयोलानं आरशात बघितलं, थोडा वेळ तिला काही कळेना. मग कळलं. तो जिथे उभा होता तिथे गाडीचा कोपरा यायला हवा होता. ती हळू हळू त्याच्याकडे गाडी आणायला लागली. तो एक पाऊल मागे गेला की गाडीही तेवढीच मागे. तो थांबला की गाडी थांबे. कुठे आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. इतक्या वर्षांत सतरा नंबरला एवढी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली, आणि खरं सांगते, मला ती सहन होत नव्हती.

अर्धी गाडी आत गेली आणि शेपटी स्प्रूसच्या फांदीला लागायच्या बेतात आली. आता तिला दुसऱ्या बाजूला, खडकाकडे न्यायला हवं होतं. हात मोकळा असता तर वेंडेलनं हातानं दाखवलं असतं. त्यानं काय करावं? तो वळला आणि गाडीच्या मागून चालत दुसऱ्या बाजूला निघाला.

म्हणजे तो आरशातून गेला. दोन्ही आरशांतून. एवढी थोरली गाडी, उतारावर, आणि तिच्यामागे पाय ओढत चाललेला एक माणूस जो साधी हाकही मारू शकत नाही.

"बाबा!" कोरिन ओरडली नाही, पुटपुटली. तिचं एक पाऊल पुढे पडलं होतं. ती धावली असती तर तिला कुणी अडवलं नसतं. मीही नसतं अडवलं. मी फक्त म्हटलं, "दिवे बघ."

गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेले होते. आयोलाचा पाय ब्रेकवर होता.

वेंडेल एक पाऊल टाकी, काठी पुढे करी, दुसरा पाय ओढून आणी. वाळूत काठी रुतली, तो थांबला, ती उपटून घेतली. त्या लाल उजेडात त्याचं जुनं पिवळं जाकीट केशरी दिसत होतं. गाडीच्या मध्यावर आल्यावर दमला म्हणून त्यानं चक्क गाडीला टेकून श्वास घेतला. तिच्या मागच्या खिडकीखाली, जिच्यातून ते दोघं समुद्र बघायचे. वर बसलेल्या आयोलाला यातलं काही दिसत नव्हतं. आरशात तिला फक्त एकीकडे झाड आणि एकीकडे खडक दिसत असणार. पण लाल दिवे एकदाही विझले नाहीत. एकदाही लुकलुकले नाहीत.

कोरिन जागची हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मग खडकाच्या बाजूनं पिवळं जाकीट बाहेर आलं. आरशात तो दिसला असणार, कारण गाडीतून आयोलाचा मोठा, चिडलेला, रडवेला आवाज आला, "किती वेळ लावलास रे, गाढवा!"

आणि दिवे विझले. गाडी त्याच्याकडे निघाली.

पुढचं सोपं होतं. तो खडकाच्या कडेनं मागे मागे गेला, ती त्याच्या मागोमाग. ओंडक्यापाशी तो टेकून बसला आणि पहिल्यांदाच त्यानं काठी वर उचलली. गाडी थांबली. झाडापासून वीतभर, खडकापासून हातभर. वेंडेलनं स्वतः कधी एवढी चांगली लावली नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

आयोलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आहेस ना जिवंत?"

वेंडेलनं विचार केला. "बरंय," तो म्हणाला.

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. ऑगी तर उभा राहून शिट्ट्या मारत होता, जणू काही सगळं त्यानंच शिकवलं होतं. आयोला उतरली, नवऱ्याच्या शेजारी ओंडक्यावर जाऊन बसली आणि दोघं समुद्र बघायला लागले. त्यांना आता कुणाची गरज नव्हती.

कोरिननं डोळे पुसले, फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पण वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता, त्याला मी काय करणार?

"हो, गाडीबद्दलच बोलायचं होतं. सॉरी, विकायची नाहीये... नाही नाही, बिघडलेली नाही." तिनं ओंडक्याकडे पाहिलं. "वापरात आहे."

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. नाक लाल झालं होतं. "या जागेचं बुकिंग कधी उघडतं हो?"

"सहा महिने आधी, सकाळी सातला. आणि सतरा नंबर डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो. अलार्म लाव."

"लावते," ती म्हणाली. मग तिला आठवण झाली की तिची निळी गाडी अजून रस्त्यातच उभी आहे आणि मागे एक ट्रेलरवाला कधीचा ताटकळतोय. ती पळत जाऊन गाडीत बसली.

सतरा नंबरच्या पुढे तिच्या गाडीसाठी ऐसपैस जागा होती. तसल्या तीन गाड्या मावल्या असत्या. शिकाऊ पोरानंही डोळे मिटून लावली असती. पण तिनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि ओंडक्यावरून वेंडेल उठला. आयोला म्हणाली, "अरे बस ना, तिला येते." तो ऐकतोय कशाला! काठी टेकत, पाय ओढत तो आला आणि त्या मोकळ्या जागेच्या आरव्हीकडच्या कोपऱ्यात उभा राहिला.

कोरिन थांबली. मागचे लाल दिवे लागले. मला आरशात तिचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत पिवळं जाकीट असणार हे मला न बघताही ठाऊक होतं. मग ती इतकी सावकाश मागे यायला लागली की ट्रेलरवाल्यानं हॉर्न वाजवला. मी वळून त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की त्यानं इंजिनच बंद केलं.

तिला दोनदा गाडी पुढे घेऊन पुन्हा लावावी लागली, कारण वेंडेलचं समाधान होईना. तिसऱ्यांदा त्यानं आरव्हीला पाठ टेकली आणि काठी वर केली.