फळ्यावरचं हीव

मला भांडखोर म्हणतात. म्हणोत बापडे! तोंड गप्प ठेवणं आमच्या घराण्यातच नाही.

अठ्ठावन्न सालचा जानेवारी. लालबागच्या एका शाळेत मास्तरणीची जागा निघाली होती. बाबांना दम्यानं गिरणीतून घरी बसवलेलं, त्यामुळं ही नोकरी मिळाली तरच चूल पेटणार होती. नेमणुकीआधी नमुना पाठ द्यावा लागे. आपण शिकवायचं आणि हेडमास्तरांनी मागच्या बाकावर बसून शेरा लिहायचा.

हेडमास्तर दिघ्यांच्या कोटावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला होता. पाठ हिवाळ्यावरचा. गिरणगावातल्या पोरांना कडाक्याची थंडी काय ठाऊक! मी सांगितलं, आमच्या जुन्नरकडं पहाटे हात इतके बधिर होतात की भाकरीचा तुकडा मोडवत नाही. आणि बोलण्याच्या भरात फळ्यावर घरचाच शब्द लिहिला, हीव.

"कौसल्याबाई, पुसा ते!" मास्तर मागून गरजले. "अडाण्यांचा शब्द आहे. कडाक्याची थंडी असं लिहा."

पुसलं की नोकरी, हे मला कळत होतं. पण अडाणी कोण? माझी आई? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मास्तर, हिवाळा चालतो, हिवताप चालतो, मग एकट्या हिवानंच काय घोडं मारलंय? ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसंच हिमचं हीव झालं. गाव पुसता का तुम्ही?"

मास्तरांनी शेऱ्याच्या कागदावर पेन टेकवलं.

"पुसा, नाहीतर शेरा वाईट जाईल."

मी डस्टर नेऊन त्यांच्या बाकावर ठेवलं. "मराठी राज्य हवं म्हणून तुम्ही बिल्ला लावलात. त्या राज्यात माझ्या आईची मराठी बसत नसेल, तर तुमच्या हातानं पुसा. मी नाही पुसायची."

मास्तर डस्टर घेऊन फळ्यापाशी गेले. गेली नोकरी! आता बाबांना काय तोंड दाखवू?

तेवढ्यात पहिल्या रांगेतली मालन पाटीवरून मान वर न काढता ओरडली, "थांबा ना मास्तर, माझं लिहून व्हायचंय!"

मास्तरांनी वळून पाहिलं. चाळीस पोरं माना खाली घालून हीव लिहीत होती. ते तसेच उभे राहिले. शेवटची पाटी खाली ठेवली गेली, तेव्हा त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

"सोमवारी साडेदहाला या," ते म्हणाले. "आणि उशीर चालणार नाही."

मी पोरांसमोरच रडले.