पोटातलं पाणी

“थांबव! थांबव म्हणतो ना गाडी!” पाळणेकाका ओरडले.

मुलाने ब्रेक दाबला, पण तोवर मागचं चाक स्पीडब्रेकरवरून उतरलं होतं. उतरलं कसलं, दाणकन आपटलं. मागच्या सीटवर काकू दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून बसल्या होत्या. त्यांनी डोळे गच्च मिटले. काकांनी मान वळवून ते पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“गाडी चालवतोयस की दगडांचा ट्रॅक्टर?”

“मी काय करू बाबा? आणखी किती हळू घेऊ?”

“हळू घेऊन ही गत! तिच्या खुब्यात नवा सांधा बसवलाय, विसरलास का?”

“परत फिरव रे,” काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणूनच दोघे गप्प झाले. “मला नाही जायचं दवाखान्यात व्यायामाला. आज नाही, उद्याही नाही. घरात भिंत धरून चालेन जेवढी चालेन तेवढी. पण या गाडीत मी पुन्हा बसायची नाही.”

व्यायाम सुटला तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग चाकांची खुर्ची. हे तिघांनाही ठाऊक होतं.

पाळणेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात त्यांनी बस चालवली आणि त्यांच्या बसमध्ये प्रवाशांच्या पोटातलं पाणी हलत नसे. उभी असलेली माणसंसुद्धा दांडीला धरून पेंगायची. डेपोत कोणीतरी ‘पाळणा’ म्हणालं, ते चिकटलं ते चिकटलंच. घराच्या दारावरची पाटी वाचून शेजारी बुचकळ्यात पडायचे, की हे भलतंच नाव कोणाचं. पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि लायसन्स काही परत मिळालं नाही. घरची गाडी त्यांच्या नावावर, त्यांच्याच घामाची, पण किल्ली मुलाच्या खिशात गेली. सुरुवातीला निघताना मुलगा ‘नेऊ ना बाबा?’ असं विचारायचा. हळूहळू तेही राहिलं.

जुने स्प्रिंग बसले होते, गाडीचं बूड प्रत्येक स्पीडब्रेकरला घासायचं. म्हणून मुलाने सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडी जॅकवर चढवली, मोबाईलवर व्हिडिओ पाहत पाहत नवे दणकट स्प्रिंग बसवले, नवे शॉकअप बसवले. जुने भंगारवाल्याला देऊनही टाकले. काका खिडकीतून सगळं पाहत होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं. विचारलं नाही, नेमका त्याचाच तर राग होता.

“गॅरेजला घे,” काका म्हणाले.

“सगळं नवंकोरं आहे बाबा. सेट व्हायला थोडा वेळ लागतो.”

“तुझी गाडी सेट होईपर्यंत तुझी आई अंथरूण धरेल. घे म्हणतो ना!”

मुलाने दात-ओठ खात गाडी वळवली.

गॅरेजवाली ही काकांच्या डेपोतल्या फिटरची मुलगी. बापाचं गॅरेज चालवायची, तोंडही बापासारखंच फटकळ होतं. तिने बोनेटवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला. गाडी जेमतेम दबली आणि अडली.

“कोणी बसवलं हे?”

“मी,” मुलगा म्हणाला.

“बोल्ट कधी आवळलेस? गाडी जॅकवर असतानाच?”

“मग? चाकं हवेत असली तरच हात पोचतो.”

“झालं कल्याण!” तिने कपाळाला हात लावला. “चाकाच्या आर्मला मुळाशी रबराचे बुश असतात. चाक लटकत असताना आवळलंस की रबर तिथेच जखडतं. मग गाडी जमिनीवर आली की ते पिळलेलंच राहतं. स्प्रिंग बिचारा खाली-वर होणार कसा? स्प्रिंग चांगले आणलेस तू. पण बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, आत माणसं बसवून.”

“ऐकलंस?” काका उसळले. “ऐकलंस ना? घरात विचारायला माणूस होता!”

“तुम्हाला माहीत होतं का हे?” मुलगाही आता पेटला. “सांगा ना, होतं माहीत?”

काका अडखळले. माहीत नव्हतं. उभ्या आयुष्यात गाडी हाकली, पण गाडीखाली ते कधी शिरले नव्हते.

“नव्हतं माहीत!” ते गरजले. “नव्हतं! पण विचारायचंस तरी! मेलोय का मी?”

मुलाने मान खाली घातली. एवढं बोलूनही काकांच्या छातीतलं ओझं तसूभर हललं नव्हतं.

“भांडण घरी जाऊन करा,” गॅरेजवाली म्हणाली. “गाडी त्या कामाच्या खड्ड्यावर घे. रोज जो जिथे बसतो त्याने तिथेच बसायचं. आणि तू माझ्याबरोबर खाली ये, दुसऱ्या बाजूने पाना धरायला माणूस हवाय.”

“मग ड्रायव्हरच्या जागेवर कोण?” मुलाने विचारलं.

गॅरेजवालीची नजर कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे गेली.

“अहो, तुम्ही बसा,” मागून काकू म्हणाल्या.

“पोतं ठेवा की,” काका फणकारले. “नाहीतरी तेवढीच किंमत आहे माझी.”

“बसा म्हणते ना. पोत्यापेक्षा जरा जास्तच भराल तुम्ही.”

काका दार उघडून बसले. शेजारी, त्यांच्या रोजच्या जागेवर, पोतं ठेवलं गेलं. मुलाच्या लांब पायांसाठी सीट मागे सरकवलेली होती, काकांचे अंगठे कसेबसे पेडलला टेकले. हात सवयीने किल्लीकडे गेला. किल्ली नव्हती, ती खड्ड्यात, मुलाच्या खिशात होती. काकांनी तोच हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. खाली पाने वाजले, कोणीतरी कण्हत जोर लावला. एकेक बोल्ट ढिला झाला तशी गाडी हलकेच खाली बसली.

“हळू घ्या हं,” काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून ते स्टिअरिंगवर बसले की त्या हेच म्हणत आल्या होत्या.

“कळतं मला,” काका खेकसले. पण हात त्यांनी स्टिअरिंगवरून काढला नाही. खाली शेवटचा बोल्ट आवळला गेला.

“झालं काका. उतरा.”

ते उतरले. पोतं काढून झाल्यावर पलीकडून येऊन आपल्या जागी बसले. सीटवर थोडी वाळू सांडली होती, ती त्यांनी झटकलीही नाही.

मघाचाच स्पीडब्रेकर आला. काकांचा उजवा पाय रिकाम्या जागी करकचून दाबला गेला. गाडी वर चढली आणि मऊपणे खाली आली. त्यांनी मान वळवली. काकूंचा एक हात मांडीवर होता. पुढचा स्पीडब्रेकर गेला, तेव्हा हँडलवरचा दुसराही खाली आला होता आणि त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

“कशी वाटतेय बाबा?” मुलाने हळूच विचारलं.

“क्लच घाईने सोडतोस,” काका म्हणाले. त्यांचा राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, कारण गाडीतला बिघाड निघाला तरी किल्ली काही परत येणार नव्हती.

दवाखान्यापाशी उतारावर गाडी उभी राहिली. मुलाने आईला हाताला धरून उतरवलं. “तुम्ही बसा, आम्ही येतोच,” असं म्हणून तो तिच्याबरोबर पायऱ्या चढू लागला. काकू आज पायऱ्यांवर थांबल्या नाहीत.

काकांची नजर हँडब्रेककडे गेली. अर्धवटच ओढलेला होता.

“एवढंसुद्धा नीट करत नाही,” ते पुटपुटले. त्यांनी तो शेवटच्या खाचेपर्यंत ओढला, आणि त्यावर हात ठेवून ते दोघं परत येईपर्यंत तसेच बसून राहिले.