चालीवर पाठ झालेला निकाल

छापखानेवाल्या एनॉक फॅरोने तुरुंगातून पाठवलेल्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते. राजाच्या भावाविरुद्धचे पत्रक त्याने ज्या संध्याकाळी छापले म्हणतात, त्या संध्याकाळी तो माझ्याकडे जुनी पुस्तके चाळत बसला होता. 'एवढंच कोर्टात येऊन सांग,' असे त्याने लिहिले होते. तेवढेही मला जमेल, असे वाटत नव्हते. चार माणसांसमोर माझा आवाजच फुटत नाही.

मग कंदीलवाल्यांच्या संघाची मेजवानी आली. त्यांच्या मुलांना मी शिकवले होते, म्हणून मला दरवर्षी बोलावणे असते. राजाच्या नावाचा प्याला सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून घेतला. मग फाशी देणाऱ्याच्या वेषातला एक नट थेट टेबलावर चढला आणि भाजलेल्या हंसाशेजारी उभा राहून गाऊ लागला:

'शाई ज्याची काळी, त्याचं काळीज काळं,
फॅरोच्या गळ्यात घाला दोरखंडाचं जाळं!'

ध्रुपद आले की सारे सुऱ्यांच्या मुठी आपटून ओरडत, "घाला, घाला!" तोंडातले मांस बाहेर उडत होते. हनुवट्यांवरून चरबी ओघळत होती.

"मास्तर, तोंड शिवलंय का तुमचं?" शेजारचे हॉबडे म्हणाले. "ओरडा की!"

"हॉबडेसाहेब, सोमवारी फॅरोच्या खटल्यात पंच म्हणून तुम्हीच बसणार ना?"

"मी, हा क्राउच, तो पलीकडचा टकल्या. पंच नेमायचं काम नव्या शेरीफकडे, त्यानं राजाचीच माणसं निवडून घेतलीत."

"मग पुरावा ऐकायच्या आधीच..."

"पुरावा कसला हो! निकाल पाठ झालाय, तोही चालीवर!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. क्राउचने त्यांची पाठ थोपटली आणि हंसाची तंगडी त्यांच्या ताटात टाकली.

कवन छंदात कुठेही अडखळत नव्हते. त्यामुळे मला जास्तच किळस आली. त्याहून जास्त किळस आली ती माझ्या बोटाची. टेबलाच्या काठावर ते ताल धरत होते. मी ते मुठीत दाबले आणि उठलो.

"अहो, गोड यायचंय अजून!" हॉबडे ओरडले.

बाहेर गटारापर्यंत ते ध्रुपद ऐकू येत होते. माझ्या साक्षीने हे लोक ऐकतील, असे मला अजूनही वाटत नव्हते. पण मी गेलो नाही, तर कोर्टात त्या ध्रुपदाशिवाय दुसरे काही ऐकूच येणार नाही.

घरी येऊन लिहिले, 'एनॉक, सोमवारी येतो. आवाज बारीक निघेल, पण सांगेन.' कोपऱ्यावरच्या कॉफीगृहात टपाल घेतात; सकाळी तिथे एक पेनी देऊन पत्र टाकले.