फाइल वर न्यायला माणूस नाही

सकाळचा चहा समोर आला आणि बदलीकाकांना पुन्हा ते पत्र आठवलं.

‘मी चष्म्याच्या दुकानात काम करते,’ त्या मुलीनं लिहिलं होतं. ‘माझ्यामुळे लोकांना नीट दिसतं, मला मात्र पुढचं काही दिसत नाही. आमच्या छोट्या कॉलेजातली माझी दोन वर्षं तुमच्या विद्यापीठात धरणार का? धरणार असाल तर नोकरी सोडून तिसऱ्या वर्षाला येते. नाहीतर राहू दे. तेवढं कळवा.’

काकांनी तेवढंच कळवलं नव्हतं. महिनाअखेरीला प्रवेश बंद होणार होते.

“अहो, हो की नाही, एवढंच लिहायचंय ना?” बायको म्हणाली. “की शाई संपलीय?”

“अगं, माझ्या हातात कुठं आहे? तिचे विषय आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतात, असा भौतिकशास्त्राच्या बाईंचा शेरा लागतो. फाइल वर जायला हवी.”

“मग अडलंय कुठं?”

“न्यायला माणूस नाही.”

खरंच नव्हता. सरकारनं अनुदानाला कात्री लावली, तशी बाहेरच्या कॉलेजांतून मधेच येणाऱ्या मुलांच्या प्रवेशाची अख्खी खोली एका टेबलावर आली. टेबलामागे उरले एकटे काका; कॉलेज बदलून येणारी मुलं त्यांना बदलीकाका म्हणायची. शिपायाची तर जागाच रद्द झाली. तरीही काका फाइली नेमानं ट्रेमध्ये ठेवत राहिले. नोकरीभर त्या ट्रेमधून आपोआप वर जात आल्या होत्या.

बायको इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. “आणि तुमचे पाय कुणी रद्द केले?”

“पाय आहेत गं. पण बाईंसमोर बोलायचं काय? त्या नाही म्हणाल्या तर?”

“तर नाही म्हणून लिहा. पोरीला लटकवून तरी ठेवू नका.”

विद्यापीठातली लिफ्ट बंदच होती. काकांनी एक वाक्य पाठ केलं होतं. प्रत्येक मजल्यावर ते थोडं बदललं. वर पोचेपर्यंत काका ते पार विसरले. पहिल्या वर्षाच्या तीन तुकड्यांना एकाच वर्गात कोंबून शिकवून बाई घसा धरून बाहेर आल्या. काकांनी फाइल पुढे केली. “शेरा,” एवढंच म्हणाले.

“काका! अहो, होतात कुठं? माझा तिसऱ्या वर्षाचा वर्ग ओस पडलाय. मुलं नाहीत म्हणून तोही बंद करायला निघालेत. मला वाटलं, तुमचे प्रवेशच थांबवले!”

“मला वाटलं, तुम्हाला सवड नाही.”

बाईंनी उभ्याउभ्याच पानं चाळली. “दोन्ही वर्षं धरू. प्रकाशाचा तेवढा एक पेपर पुन्हा द्यावा लागेल. चष्म्याच्या दुकानातली आहे ना? सहज देईल. अजून आहेत अशा फाइली?”

“आणतो.”

मग दुपारभर काका जिन्यावर खालीवर. गुडघे कुरकुरत होते, तरी हुरूप काही उतरेना.

“काय काका, व्यायाम?” एका पोरानं विचारलं.

“शिपायाची जागा भरली,” काका म्हणाले, आणि आपण विनोद केला हे लक्षात येऊन स्वतःच लाजले.

जिन्यापाशी शिपायाचं स्टूल अजून तसंच होतं. शेवटच्या फेरीनंतर काका त्यावर टेकले. इतकी वर्षं तो माणूस वरून आला की धापा टाकायचा, आणि आपण मान वर न करता म्हणायचो, “ठेव तिथं.”

संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. पाकिटावर तिकीट चिकटवलं, ते ट्रेमध्ये ठेवलं, दिवा मालवला आणि दाराला कडी घातली.

मग कडी काढून परत आत आले. पाकीट उचललं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत स्वतःच्या हातानं टाकलं.