मला पाणी नको होतं

मी गच्चीचा स्लॅब. जन्मापासून लोक मला तुडवताहेत, तेव्हा गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. आज मात्र तोंड उघडतोच.

मिक्सरच्या पोटात खडी, वाळू, सिमेंट आणि पाण्याबरोबर माझ्यात एक औषध घातलं होतं. ते आतलं पाणी धरून ठेवतं, उडू देत नाही. म्हणजे मला वरून पाणी मारायची गरजच नव्हती. इंजिनिअरबाईंनी मुकादमाला परोपरीनं बजावलं. पण पालथ्या घड्यावर पाणी! पाणी न मारलेला स्लॅब त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मला ओतल्याच्या दुसऱ्याच दिवशी टँकर आला नाही. पाणी उरलं ते मजुरांच्या झोपड्यांजवळच्या पिण्याच्या टाकीत. मुकादमानं तिथं पंप लावला आणि पाइप माझ्यावर आणला.

त्याचा धाकटा भाऊ इथंच गवंडी. त्याची पोर खाली तापानं फणफणली होती. तो धावत वर आला आणि त्यानं पाइपच धरला. म्हणाला, "दादा, पोरीच्या तोंडचं पाणी दगडावर ओततोस?"

मुकादमाचं डोकं फिरलं. सगळ्या मजुरांदेखत आपल्याला अडवतो म्हणजे काय! त्यानं सळई उचलली आणि सख्ख्या भावाच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडलेलं मी ऐकलं. तो पडला, तरी हा मारतच राहिला. धाकट्याची बायको फावडं घेऊन आली आणि तिनं थोरल्याचा खांदा फोडला. मजुरांनी तिघांना ओढून बाजूला केलं. पंप बंद करायचं कुणाला सुचलं नाही. टाकी रिकामी झाली. पाणी आणि रक्त माझ्यावरून खाली वाहून गेलं. मला शिसारी आली हो!

पुढे बाईंनी माझ्याच मालाचा, थेंबभरही पाणी न मारलेला ठोकळा मशीनमध्ये दाबून पाहिला. चांगला पक्का निघाला. मुकादमानं मशीनवरचा आकडा स्वतः वाचला.

गवंड्याचा पाय आता वाकत नाही. मुकादम रोज सकाळी कुठून तरी कळशी भरून आणतो आणि भावाच्या दारात ठेवतो. भावजय बाहेर येते, त्याच्यादेखत ती लाथेनं उलथवते आणि आत जाते.

अगं पोरीच्या आई, घण आण आणि मला फोड. त्याच्या डोक्यात घाल हवं तर. पण ती कळशी आत घे. पोरीला पाणी लागतं.